वाचक विचारतात: वेलनेस काउन्सेलरकडे कशासाठी जावं, कशासाठी जाऊ नये

‘होलिस्टिक वेलनेस काउन्सेलर’ ही पाटी आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही, आणि त्याबद्दल विचारणारी पत्रंही वाढली आहेत. त्यांतल्या निवडक पत्रांना एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि एक आहारतज्ज्ञ यांनी मिळून उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर शनिवारी एक वेलनेस काउन्सेलर बसतात. झोप, जेवण, ताण, व्यायाम सगळ्यावर बोलतात. या कामाला काही मान्यता आहे का? डॉक्टर आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, मग यांची गरज कशाला? (शिक्षिका, नाशिक)

आधी मान्यतेचं. ही पाटी लावायला आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. मानसशास्त्रात एम.ए. करून दहा वर्षं काम केलेली व्यक्ती ती लावते आणि शनिवार-रविवारचं शिबिर केलेलीही लावते. म्हणून पाटीपेक्षा मूळ शिक्षण विचारावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचं सांगत असतील, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक असतो आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. योगासनं शिकवत असतील, तर आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाचं प्रमाणपत्र आहे का ते पाहावं. आहाराचा तक्ता देत असतील, तर आहारशास्त्राची पदवी हवी. इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ ही पात्रता असेल तर उत्तम. निसर्गोपचाराची बीएनवायएस ही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची पदवी आहे. समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ यांना नोंदणीच्या कक्षेत आणणारा आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये झाला आहे, पण ती घडी नीट बसेपर्यंत चौकशी आपणच करायची.

आता कामाचं. डॉक्टर सांगतात, ‘मीठ कमी करा, रोज चाला, झोप पुरी घ्या.’ सल्ला बरोबरच असतो. पण घरी आल्यावर तो बसवायचा कुठे, हे ओपीडीच्या पाच मिनिटांत सांगता येत नाही. नेमकं ते काम काउन्सेलरचं. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणजे सगळ्या पदार्थांत मिळून चहाचा एक सपाट चमचाही नाही. तुमच्या घरात ते जातं कुठून? कणकेतून, लोणच्यातून, पापडातून, की संध्याकाळच्या फरसाणातून? आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, तर शाळेच्या वेळापत्रकात ती कुठे बसतात? रात्री उशिरापर्यंत पेपर तपासून झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतं आणि चिडचिड वर्गात निघते, हे तिन्ही धागे एकत्र कोण पाहणार? ‘होलिस्टिक’चा अर्थ एवढाच. अमेरिकेत बिल हेटलर या डॉक्टरांनी १९७६ मध्ये शारीरिक, भावनिक, बौद्धिक, सामाजिक, व्यावसायिक आणि आध्यात्मिक अशी स्वास्थ्याची सहा अंगं मांडली. आजचे बरेच काउन्सेलर पहिल्या भेटीत याच अंगांवरून प्रश्न विचारतात. हातात धातूची कांडी धरायला लावून ‘शरीराची ऊर्जा’ छापून देणारं यंत्र या सहांपैकी काहीच मोजत नाही. ते टेबलावर दिसलं, तर नमस्कार करून निघावं.

प्रश्न: वय ३६, पिंपरीत आयटीत नोकरी, आठवड्यातून तीन दिवस घरून काम. सकाळी उठतानाच थकलेला असतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मित्र वेलनेस काउन्सेलरकडे जा म्हणतो. तिथे नेमकं करतात काय? नुसत्या गप्पा? (पिंपरी-चिंचवड)

पहिली भेट साधारण तासाभराची ते दीड तासाची असते. जाताना मागच्या वर्षभरातले छापील रिपोर्ट, घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची आणि प्रोटीन पावडरसकट पूरक पदार्थांची पाकिटं सोबत न्या. ‘नॉर्मल आहेत’ हे तोंडी ऐकून पुढे जाणारा काउन्सेलर कच्चा समजावा.

कारण ‘सगळे रिपोर्ट’ म्हणजे बहुतेक वेळा कंपनीचं वार्षिक पॅकेज असतं. त्यात साखर आणि कोलेस्टेरॉल असतं; बी-१२ आणि थायरॉइडची टीएसएच असतेच असं नाही. शाकाहारी माणसं, अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं घेणारे आणि मेटफॉर्मिनवर असलेले मधुमेही यांच्यात बी-१२ कमी पडतं. हिमोग्लोबिन पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल, तर थकव्याचं कारण समोरच आहे. आणखी एक प्रश्न तुम्हाला नाही, घरच्यांना विचारायचा: झोपेत घोरता घोरता श्वास अडकून थांबतो का? थांबत असेल, तर आठ तास झोपूनही माणूस थकलेला उठतो आणि त्याची तपासणी वेगळी आहे. काउन्सेलर या चाचण्या स्वतः करत नाही. चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे पाठवतो.

त्याच भेटीत दोन प्रश्न मनाबद्दलचेही असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला असं किती वेळा झालं, आणि उदास किंवा हताश किती वेळा वाटलं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज तीन किंवा जास्त आली, तर थकव्याआड नैराश्य आहे का, हे नीट तपासायला हवं.

मग दोन आठवड्यांची नोंद. अंथरुणावर कधी गेलात, झोप अंदाजे कधी लागली, कधी उठलात, चहा-कॉफी कधी आणि किती, जेवणाच्या वेळा, चालणं, दुपारी तीनला थकवा शून्य ते दहामध्ये किती. कागदावर रोज तीन मिनिटांत होतं. या काळात काहीही सुधारायचं नाही, जसं आहे तसंच लिहायचं. हे बिघडतं ते एकाच ठिकाणी: लोक रविवारी रात्री बसून सगळे रकाने आठवड्याभरासाठी एकदम भरतात. अशी वही कोरी असलेली बरी, निदान दिशाभूल तरी करत नाही.

दुसऱ्या भेटीत ती वही वाचली जाते. तुमच्यासारख्या नोकरीत सहसा दिसतं ते असं: साडेदहाला जेवण, अकराला अमेरिकेतल्या टीमचा कॉल, दीडला झोप, आठला उठणं, न्याहारीला फाटा, दिवसभरात पाच-सहा कप चहा आणि घरून कामाच्या दिवशी हजारभर पावलं. इथे चारपाच गोष्टी एकदम बदलायचा मोह काउन्सेलरलाही होतो. तो आवरावा लागतो. एकच बदल निवडायचा आणि तो तुम्ही निवडायचा. समजा, दुपारी जेवल्यावर दहा मिनिटं चालणं. मग विचारतात, ‘हे जमेल याची खात्री शून्य ते दहात किती?’ चार म्हणालात, तर ‘दोन का नाही म्हणालात?’ असा उलटा प्रश्न येतो. त्याचं उत्तर देताना माणूस स्वतःच्याच तोंडून आपली कारणं सांगतो आणि ती उपदेशापेक्षा टिकतात. आकडा सातच्या वर जात नसेल, तर बदल लहान करायचा: दहाऐवजी पाच मिनिटं. शेवटी त्याला एक खूण बांधायची: ‘डबा संपला की झाकण लावायच्या आधी चपला घालायच्या.’ ‘वेळ मिळाला की चालेन’ या योजनेत वेळ कधीच मिळत नाही.

‘२१ दिवसांत सवय’ हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या, २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लोकांना १८ पासून २५४ दिवसांपर्यंत कितीही वेळ लागला. मधला आकडा ६६ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणून भेटी सुरुवातीला पंधरा दिवसांनी, नंतर महिन्याने ठेवतात. सहा ते आठ भेटींत काम व्हावं. चौथ्या भेटीपर्यंत वहीत काहीच हललं नसेल, तर दिशा बदलायची किंवा दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवायचं. हे काउन्सेलरने स्वतःहून सांगितलं नाही, तर तुम्ही विचारा.

प्रश्न: वय ५८. रात्री दहाला अंथरुणावर पडते, बाराला डोळा लागतो, तीनला जाग येते, मग पहाटेपर्यंत तळमळ. एका काउन्सेलरबाईंनी ‘उशिरा झोपा’ असं सांगितलं. हे उलटंच नाही का? (गृहिणी, कोल्हापूर)

उलटं वाटतं, पण त्यांनी सांगितलेली पद्धत निद्रानाशावरची सर्वात भरवशाची आहे. फक्त ती ‘उशिरा झोपा’ एवढ्या दोन शब्दांत सांगण्यासारखी नाही.

आधी आठवडाभर नोंद ठेवा. समजा, दहा ते सहा असे आठ तास तुम्ही अंथरुणावर असता आणि झोप होते साडेपाच तास. म्हणजे अंथरुणातल्या वेळातले जेमतेम ६९ टक्के झोपेचे. बाकीचे अडीच तास मेंदू हेच शिकतो की अंथरूण ही जागत पडायची जागा आहे. ते मोडायचं. उठायची वेळ सहा ही पक्की करायची, सुट्टी असो वा सण. झोपेचे साडेपाच तास मागे मोजले की साडेबारा येतात, म्हणून आठवडाभर साडेबाराला अंथरुणावर जायचं. त्या वेळात ८५ टक्क्यांच्या वर झोप होऊ लागली, की पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं अलीकडे, सव्वाबारा. मग बारा. असं सरकत जायचं. अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली कधीच आणायचा नाही.

सोबत आणखी दोन नियम. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, किंवा तीनला जाग येऊन तळमळ सुरू झाली, की उठून दुसऱ्या खोलीत जायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि पेंग आल्यावरच परतायचं. घड्याळाकडे बघायचं नाही. वीस मिनिटं अंदाजाने. आणि अंथरुणावर मोबाइल, मालिका, जपमाळ, हिशेब यांपैकी काहीच नाही. दुपारची वामकुक्षी काही आठवडे बंद.

पहिले दहा-बारा दिवस वाईट जातात. दिवसा पेंग येते, डोकं जड होतं आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. काउन्सेलरचा खरा उपयोग याच दिवसांत: आठवड्यातून एकदा फोन, वहीवर नजर आणि ‘हे अपेक्षितच आहे’ असं सांगणारं कुणीतरी. अपस्मार, बायपोलर आजार, झोपेत श्वास अडकणं किंवा वाहन चालवायचं काम असेल, तर ही पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

संध्याकाळचा चहाही मोजा. एका कपात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि त्यातलं निम्मं शरीरात सुमारे पाच तास राहतं. सहाचा चहा अकराला अर्धा शिल्लक असतो. तीनची जाग लघवीसाठी असेल, तर साखर तपासा, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल, तर ती सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा. झोपेची गोळी चालू असेल, तर ती एकदम थांबवू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या एकाएकी सोडल्या तर झटकेही येऊ शकतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात.

प्रश्न: सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहे. नात्यातल्या एका वेलनेस कोचनी सगळ्या गोळ्या बंद करून कारल्याचा रस, जांभळाची पावडर आणि रोज दोन शहाळी सुरू करायला सांगितली. सासूबाईंचा त्यांच्यावर फार विश्वास आहे. (रत्नागिरी)

गोळ्या बंद करायला सांगण्याचा अधिकार त्या कोचना नाही. इथे मधला मार्ग काढत बसू नका. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल यांसारखी रक्तदाबाची गोळी एकदम थांबवली, तर नाडी आणि रक्तदाब उसळतात, छातीत दुखू शकतं. उलट, गोळ्या चालूच राहिल्या आणि वर रस आणि पावडर आली, तर ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीबरोबर साखर फार खाली जाण्याचा धोका. मूत्रपिंडं कमकुवत असतील किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी असेल, तर रोजच्या शहाळ्यांनी आणि ‘लो सोडियम’ मिठाने पोटॅशियम वाढतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो.

दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं, तर ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढीच. मीटर नसेल तर साखर द्यायला थांबू नका. शुद्ध हरपली असेल, तर तोंडाने काहीही न देता दवाखाना गाठा.

सासूबाईंचा विश्वास मोडायच्या भानगडीत पडू नका, भांडण होईल आणि गोळ्या गुपचूप बंद होतील. ‘रस घ्यायचा का, हे आपण डॉक्टरांनाच विचारू’ असं म्हणून कोचनी लिहून दिलेला कागद सोबत न्या. काही लिहून दिलं नसेल, तर लिहून मागा. पुष्कळदा सल्ला तिथेच मवाळ होतो. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा आहे. जाहिरात हाती असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

प्रश्न: मुलगा बारावीत आहे. दोन-तीन महिन्यांपासून खोलीतच असतो, जेवत नाही, क्रिकेट सोडलं. क्लासमध्ये ‘स्टुडंट वेलनेस काउन्सेलर’ आहेत, त्यांच्याकडे पाठवू का, की थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे? (वडील, सोलापूर)

दोन-तीन महिने, भूक गेलेली, आवडीचा खेळ सुटलेला. एवढं असताना अभ्यासाचं वेळापत्रक आणि एकाग्रतेची तंत्रं शिकवणाऱ्या काउन्सेलरवर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आधी न्या. क्लासचे काउन्सेलर नंतर उपयोगी पडतील: उपचार सुरू झाल्यावर झोपेची घडी, अभ्यासाचे छोटे तुकडे, मित्रांत परत मिसळणं यासाठी.

त्याआधी आज रात्रीच एक काम करा. त्याच्या शेजारी बसून सरळ विचारा, ‘जगणं नको असं वाटतं का? जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही. असलेला बाहेर येतो आणि मुलाला सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल, तर ‘असं कसं बोलतोस’ म्हणू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि औषधांचे साठे हलवा, आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पालकही फोन करू शकतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात न्या.

मुलाने काउन्सेलरला सांगितलेलं सगळं तुम्हाला कळणार नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर ते तुम्हाला सांगितलं जायला हवं. आणि अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे नियम पहिल्याच भेटीत मुलाच्या समोर स्पष्ट सांगणारा माणूस निवडा.

प्रश्न: कंपनीतर्फे काउन्सेलिंगच्या काही भेटी मोफत मिळतात. तिथे बोललेलं एचआरपर्यंत जातं का? (हिंजवडी)

जायला नको. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. सहसा कंपनीला आकडे मिळतात: किती जणांनी सेवा घेतली, साधारण कोणत्या विषयांसाठी. मात्र बारा जणांच्या टीममध्ये ‘एका महिला कर्मचाऱ्याने वैवाहिक कारणासाठी’ एवढाही आकडा पुरेसा बोलका असतो. म्हणून पहिल्या भेटीआधी ईमेलवर विचारा: अहवाल टीमनिहाय जातो की संपूर्ण कंपनीचा, नोंदी कुणाकडे राहतात, भेट ध्वनिमुद्रित होते का. भेटीची वेळ ऑफिसच्या कॅलेंडरवर टाकू नका आणि व्हिडिओ भेट ऑफिसच्या लॅपटॉपवर घेऊ नका. गळती होते ती बहुतेक काउन्सेलरकडून नव्हे, अशा ठिकाणांहून.

प्रश्न: रक्तदाब आहे, गोळी चालू आहे. काउन्सेलरनी ताणासाठी रोज पंधरा मिनिटं कपालभाती सांगितली. करू का? (निवृत्त बँक कर्मचारी, सातारा)

नको. जोरात उच्छ्वास टाकण्याचे प्रकार उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया आणि गरोदरपणात टाळतात. ताणासाठी संथ श्वास पुरेसा आहे: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, नाकाने, जोर न लावता. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पाच मिनिटांपासून सुरू करा. चक्कर आली, तर तुम्ही फार खोल श्वास घेताय. संथ राहू द्या, खोल नको. काचबिंदू असेल, तर शीर्षासनासारखी डोकं खाली असलेली आसनंही वर्ज्य. आणि श्वासाने गोळी सुटेल या हिशेबाने करू नका.

प्रश्न: सहा महिन्यांचं पॅकेज, रक्कम आगाऊ, त्यात त्यांच्याच कंपनीचे डिटॉक्स पेय आणि सप्लिमेंट. घ्यावं का? (ठाणे)

एकेका भेटीचे पैसे द्यायची सोय असेल तर घ्या, नाहीतर दुसरीकडे बघा. जो सल्ला देतो तोच डबा विकत असेल, तर तुमच्या वहीत काहीही निघालं तरी उत्तर तो डबाच असणार. डिटॉक्सची गरज नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. सप्लिमेंटवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक असला, म्हणजे खाद्यपदार्थ म्हणून परवाना आहे. गुण सिद्ध झाले असं नव्हे. अश्वगंधा ‘नैसर्गिक’ म्हणून सरसकट देतात. तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. पैसे आधीच भरले असतील आणि परत मिळत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

खर्च परवडत नसेल, तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढच्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत होते, आणि कित्येक ठिकाणी योगवर्गही चालतात.

प्रश्न: मी बी.कॉम. आहे, वय ४१, मुलं मोठी झाली. तीन महिन्यांचा ऑनलाइन वेलनेस काउन्सेलिंग कोर्स केला, प्रमाणपत्र मिळालं. घरी काम सुरू करू का? (छत्रपती संभाजीनगर)

सुरू करा, पण कुंपण आखून. चालण्याचा गट, आठवड्याचा मेन्यू आखायला मदत, नोंदवही तपासणं, निरोगी माणसांना ठरवलेल्या गोष्टीवर टिकवून धरणं, हे तुम्ही करू शकता. आजाराचं नाव सांगणं, औषधाबद्दल मत देणं, मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला तक्ता देणं, नैराश्य किंवा व्यसनावर काम करणं, हे नाही. पाटीवर ‘थेरपिस्ट’ लिहू नका.

पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी तयार ठेवा. एक पानी संमतीपत्र, ज्यात तुम्ही काय करता, काय करत नाही, गोपनीयता कुठे संपते आणि फी किती हे लिहिलेलं असेल. एक फॅमिली डॉक्टर, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक आहारतज्ज्ञ, ज्यांना आधी भेटून ‘माझ्याकडून माणसं पाठवली तर चालतील ना’ हे विचारलेलं असेल. आणि महिन्यातून एकदा आपलं काम तपासून घ्यायला एखादी अनुभवी, नोंदणीकृत व्यक्ती. याचे पैसे द्यावे लागतात, ते फीमध्ये धरा. बहुतेक नवे लोक हा तिसरा खर्च वाचवतात, आणि मग एखादी केस अंगावर आल्यावर विचारायला कुणी नसतं.

काम आवडलं, तर मानसशास्त्रात एम.ए.चा विचार करा. पूर्वी दूरशिक्षणाने बी.कॉम.वाल्यांनाही काही विद्यापीठांत प्रवेश मिळत असे, पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मानसशास्त्राचं दूरशिक्षण बंद केलं. मात्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला आरसीआयमान्य संस्थेतलं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं, तेव्हा प्रवेश घेण्याआधी परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव बघून घ्या.